‘आस्क’चं राहिलेलं वाक्य

भाऊ, काल खाडीवर कावळा शिवला नाही.

बायकांनी दहाव्याला घाटावर यायचं नसतं, असं आपल्या चुलतभावाने, अप्पाने, निघताना बजावलं होतं. तरी मी आले. माझ्या विजूलाही आणलं. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिंडाकडे, आणि मंत्र सुरू केले. पिंड मांडून सगळे मागे सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण बसल्या जागेवरून हलेनात. ऊन चढायला लागलं तसे गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय. आठवा आणि बोला." मग जो तो पुढे होऊन तुला काहीबाही कबूल करायला लागला. अप्पा म्हणाला, "वहिनीला अंतर देणार नाही." तुझे हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या वर्गाची आबाळ होऊ देणार नाही." मागून कुणीतरी, "विजूचं लग्न थाटात करू." मला तशातही हसू फुटणार होतं, कारण पोरगी अजून शाळेत आहे आणि तू तिला डॉक्टर करायला निघाला होतास. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि काम उरकलं.

परतताना अप्पा हळूच म्हणाला, "कुसुमताई, भाऊच्या मनात काहीतरी राहिलं गं." मी भर रस्त्यात त्याच्यावर खेकसले. ज्या माणसाने जन्मात कधी पानावर बसून मीठ मागितलं नाही, तो आता कावळ्याच्या तोंडून काय मागणार होता?

तुझं ते मीठ! वहिनी लग्न होऊन डोंबिवलीला आली त्या पहिल्याच आठवड्यात आमटीत मीठ घालायला विसरली. तू ती अळणी आमटी दोनदा वाढून घेतलीस, हात धुतलेस आणि शाळेत गेलास. बिचारी स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं, आणि ती रडायलाच लागली. तिला वाटलं, तू रागावलास. मी तिला समजावलं की हा रागावलेला नाही, हा असाच आहे. वडील गेल्यावर आईने तुला गावाहून कल्याणला शिकायला पाठवलं आणि तू वारावर जेवून शिकलास. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. परक्याच्या पानावर बसलेल्या पोराने जे पुढ्यात येईल ते खायचं असतं, हे तू इतकं पाठ केलंस की पुढे स्वतःच्या घरातही विसरला नाहीस. पंचा मागायचा नाहीस, पाणी मागायचा नाहीस. दुखलंखुपलं तर तेही सांगायचा नाहीस. याचा मला आयुष्यभर अभिमान वाटला आणि आयुष्यभर रागही आला. आजही दोन्ही आहे. मेलास म्हणून मी राग सोडून देणार नाही.

आणि अशा माणसाने नाद कसला लावून घ्यावा, तर ‘आस्क’ या शब्दाचा!

दर गुरुवारी शाळा सुटली की तू कल्याणहून परस्पर ठाण्याला जायचास. तिथल्या त्या म्हाताऱ्या स्पॅनिश पाद्रीबाबांना मराठी शिकायचं होतं आणि तुला आणखी एक भाषा हवी होती. फी त्यांनी विचारली नाही, तू सांगितली नाहीस. तू मराठी द्यायची आणि स्पॅनिश घ्यायची, असं ठरलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती म्हणून मध्ये एक इंग्रजी शब्द ठेवायचा आणि फणस फोडायला बसल्यासारखे दोघं त्याच्या भोवती बसायचे. निघतील तितके अर्थ काढायचे, प्रत्येक अर्थाला एक वाक्य, मग त्याचं तुझं मराठी आणि त्यांचं स्पॅनिश. काही शब्द एका गुरुवारात संपले. ‘आस्क’ संपेना.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. एके संध्याकाळी तू चपला काढता काढताच सुरू झालास. "कुसुम, इंग्रजाची कमाल बघ. विचारतो पण ‘आस्क’ आणि मागतो पण ‘आस्क’. स्पॅनिशमध्ये तसं नाही. वाट विचारायची तर प्रेगुंतार, भाकरी मागायची तर पेदीर. आपल्यासारखंच की गं!" मग तू खुंटीला टोपी लावून गणित मांडावं तसं मांडत गेलास. माफी मागतात ती पेदीर. मुलीचा हात मागतात तोही पेदीर, आपल्या मागणी घालण्यासारखाच. पण कुणाची विचारपूस करायची तर पुन्हा प्रेगुंतार, आणि पुढे एक ‘पोर’ जोडायचं. "प्रेगुंतार पोर!" म्हणून तू खो खो हसलास आणि माझ्याकडे बघून एकदम थांबलास.

कारण माझी पोर तेव्हा माझ्याजवळ नव्हती.

टायफॉइडने हे गेले तेव्हा विजू अंगणात दुडदुडत होती. मी ठाण्याला सासरी राहूनच शिक्षिकेची परीक्षा दिली आणि डोंबिवलीच्या शाळेत मला नोकरी लागली. मामंजींना सुनेने नोकरी केलेली चालत नव्हती. ते म्हणाले, "जायचं तर जा. पोर इथे राहील. आमच्या मुलाची तेवढीच खूण आहे." आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. मी तुझ्या घरी आले ते दोन लुगडी घेऊन. रविवारी मला ठाण्याला जायची मुभा होती. बाहेरच्या खोलीत बसायचं, विजूला बघायचं, ऊन कललं की निघायचं.

अशाच एका रविवारी मी उन्हातून जाऊन बसले आणि विजू आतून आली. थोडी उंच झाली होती. लांबच उभी राहिली आणि घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "पाणी हवंय का?"

माझ्या पोटच्या पोरीने मला पाणी विचारलं, भाऊ. मी "हो" म्हटलं आणि प्यायले. दुसरं काय करणार होते?

त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्यावर तुटून पडले. वहिनी चुलीपुढे कणीक मळत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, "तू जा त्यांच्याकडे. हात जोड, पाया पड, पण माझी मुलगी आण." तू म्हणालास, "मागितलं की देणं न देणं त्यांच्या हातात जातं, कुसुम. तुझी मुलगी तुझी आहे. ती मागायची वस्तू नाही." मी म्हटलं, "मग कोर्टात जा." तू म्हणालास, "कोर्टात ओढलं तर पोरीला उद्या आजी उरणार नाही. विचार करतोय मी." मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुझा विचार म्हणजे तो पाद्री आणि तुझं ते पेदीर! शब्द मोजत बस. मागताना काय जीभ झडते तुझी?"

जेवलास, पान उचललंस, आणि कंदील पुसत बसलास.

मी बोलले ते अजूनही मागे घेत नाही. तेव्हा कुणीतरी तसं बोलायलाच हवं होतं.

पुढच्या दिवशी सकाळी तू शाळेचा काळा कोट घातलास, टोपी घातलीस, हातात एक पुडी घेतलीस आणि निघालास. शाळेच्या वेळेच्या बरंच आधी. वहिनीच्या माहेरची ती रीत ना, निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही, काम होत नाही म्हणतात. मी दारात होते. तोंडापर्यंत आलं होतं. वहिनीने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि तू फाटक लावून गेलास.

दुपारी तुझ्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर विचारत आले. "भाऊ आजारी आहेत का? आज आलेच नाहीत, रजाही नाही." वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मला आदल्या दिवशीचं माझंच बोलणं आठवलं. वहिनीने देव पाण्यात घातले. मी पदर खोचला आणि कल्याणला गेले. शाळेत विचारलं, वाचनालयात विचारलं, तू चहा प्यायचास त्या हॉटेलात विचारलं. शेवटी खाडीकडे गेले. तिथे होड्यांपाशी एक आगरी बाई जाळं सोडवत होती, तिला म्हटलं, "काळा कोट घातलेला उंच माणूस दिसला का हो?" ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "नाय गो बाय. कोन, तुजा भाव का? कोट घालून हितं कोन येतंय? यील तो घरा, तू जा." दिवसभर मी तुझा तो ‘प्रेगुंतार पोर’च करत होते, पोराऐवजी भावासाठी. पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती आणि नजर दुसरीकडे वळत नव्हती.

घरी परतले तेव्हा दिवे लागले होते. वहिनी फाटकात उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आणि मग गल्लीच्या टोकाशी तुझी टोपी दिसली. तुझ्या शेजारी काहीतरी लहान चालत होतं.

ती विजू होती. तिच्या हातात सकाळची पुडी होती, शेवेच्या लाडवांची, अर्धी संपलेली. मी धावले की जागीच बसले ते मला आठवत नाही. तू फक्त म्हणालास, "कुसुम, भूक लागलीय गं." आणि जेवलास असा की वहिनी वाढता वाढता थकली.

काय केलंस, काय बोललास, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आधी भीती होती, विचारलं तर काहीतरी विसकटेल आणि कुणीतरी दारात येऊन पोर परत मागेल. नंतर वाटायला लागलं की माझ्यासाठी तू त्या ओटीवर लोटांगण घातलं असशील. माझ्या भावाला मी भीक मागायला लावली, तर ते मला ऐकायचंच नव्हतं. त्यातून तू दर मे महिन्यात विजूला स्वतः ठाण्याला पोचवायचास, चांगल्या पंधरा दिवसांसाठी. दर वर्षी त्यावरून आपलं वाजायचं. "ठेवून घेतली तर?" मी म्हणायची. "पोचवीन म्हणून शब्द दिलाय," एवढंच तू म्हणायचास. ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. याबद्दलही आपलं भांडण तसंच राहिलंय.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी पाद्रीबाबा समाचाराला आले. पार वाकलेत आता. ठाण्याहून इथवर कसे आले देव जाणे. ओटीवर टेकले आणि तू शिकवलेल्या त्या छापील मराठीत म्हणाले, "मी आपल्या दुःखात सहभागी होण्यास्तव आलो आहे." वहिनीला हुंदका आला. मीही डोळे पुसले, पण खरं सांगू, ‘होण्यास्तव’ ऐकून मला तुझे कान उपटावेसे वाटले. माणसाला असं बोलायला शिकवतात का?

मग ते इंग्रजीत आणि मराठीत मिळून एक गोष्ट सांगू लागले. विजू घरी आली त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. "भाऊ आले आणि म्हणाले, फादर, आपण ‘आस्क’चं एक वाक्य विसरलो. ‘आय आस्क्ड हर टु कम.’ मी म्हटलं, हे तर सोपं, आमच्याकडे इन्वितार. तुमच्याकडे काय? आमंत्रण? निमंत्रण? भाऊ म्हणाले, छे, ते लग्नपत्रिकेत. मग बोलावणे? नाही, म्हणाले, त्यात हुकूम येतो. मग म्हणाले, या अर्थाचा मराठी शब्द नंतर शोधू. ते वाक्य तसंच राहिलं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तो शब्द मी देणार होते. मी त्यांना चहा दिला. हे काय मध्येच, म्हणून मला त्याचा अर्थच लागला नाही.

काल लागला.

घाटावरून आलो, अंघोळी झाल्या. शेजारच्या काकूंनी स्वयंपाक करून ठेवला होता. पानं मांडेपर्यंत आम्ही तिघी मागच्या पडवीत बसलो. अप्पाचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी बडबडत होते, काय राहिलं असेल, काय मागायचं असेल याला. विजू एकदम म्हणाली, "आई, तुला वाटतं का, मामाने आजोबांकडे मला मागितलं?"

मी म्हटलं, "नाहीतर कशी आलीस तू?"

"मामा दारात आला आणि म्हणाला, मी विजूचा मुराळी. आजोबा म्हणाले, मुराळी सासरी गेलेल्या मुलीला न्यायला येतो, मास्तर. हे तिचं घर आहे. मामा म्हणाला, घरच असेल तर ती परत येईल, मी स्वतः आणून पोचवीन. आजोबा चिडले. म्हणाले, मागायला आलात ना? मग हात जोडा आणि मागा. मामाने हात जोडले नाहीत. ओटीवर बसला."

"मग?"

"मग काही नाही. बसूनच राहिला. आजीने पाण्याचा तांब्या आणला, तर म्हणाला, पाठवणार की नाही ते ठरलं की घेतो."

ही आपल्या गावाकडची रीत, भाऊ. पाठवणीचा होकार-नकार कळेपर्यंत मुराळी त्या घरच्या पाण्याला शिवत नाही. सासूबाई आपल्याच मुलखातल्या. त्यांना हे सांगावं लागलं नसणार. मी मात्र हे पार विसरून गेले होते.

"आजीने मला जेवायला वाढलं," विजू म्हणाली, "पण स्वतःचं पान घेतलं नाही. आजोबांचंही नाही. म्हणाली, दारात माणूस तहानलेला आहे, मी कसं वाढू? आजोबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. इतकं गरम होत होतं. मामाने कोटसुद्धा काढला नाही. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, सगळे माझ्यावर रागावलेत."

वहिनीने तिचा हात धरला.

"संध्याकाळी आजी निरांजन घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तिला रडू येत होतं. आत बघून म्हणाली, अहो, हे असं ठेवून मी दिवा लावायचा नाही. काय ते बोला. आजोबा आतूनच म्हणाले, न्या. मला वाटलं, आता मामा मला उचलून नेणार. पण तो उठला, त्याचे पाय आखडले होते, धड उठताही येत नव्हतं. माझ्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, विजू, मी आईकडे चाललोय. येतेस का?"

विजू माझ्याकडे वळली.

"मला कुणी कधी विचारलंच नव्हतं गं, आई. बाबा गेले तेव्हा नाही. तू गेलीस तेव्हाही नाही. मी म्हटलं, आजीला विचारते. आजी म्हणाली, जा, आणि ये. मग मामा तिला म्हणाला, आता पाणी द्या. आणि तो अख्खा तांब्या प्यायला."

तर असं होतं. कुणापुढे हात जोडले नाहीस, दिवसभर तहानलेला बसलास आणि होकार मिळाल्यावरही ज्या एका माणसाला विचारायचं होतं तिलाच विचारलंस. "येतेस का?" एवढंच. पाद्रीबाबांना हेच सांगायचं होतं ना तुला? शब्द सापडला नाही म्हणून तू ते वाक्य ठेवून दिलंस आणि मला सांगायचंही ठेवून दिलंस. अरे, इतकी वर्षं मी त्या ओटीवर तुला लोटांगण घालताना बघत होते! एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण नाही. तू सांगायचं नाहीस आणि मी विचारायचं नाही, असेच आपण दोघं एका आईचे.

काकूंनी पानं मांडल्याची हाक मारली. आम्ही तिघी बसलो. पहिल्याच घासाला कळलं, आमटीत मीठ नव्हतं. परक्या घरचा स्वयंपाक करताना गडबड झाली असेल. पानातही वाढायचं राहिलं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. आणि दोघी मान खाली घालून भात कालवायला लागलो, तुझ्या घरात वाढल्यासारख्या. विजूने एक घास खाल्ला आणि पान पुढे सरकवलं. "आई, मीठ दे ना."

मी उठले आणि वाढलं. वळले, तर वहिनी, जी दहा दिवसांत कुणाशी धड बोलली नव्हती, तिनेही आपलं पान हळूच पुढे केलं. "मलाही," म्हणाली.

तिला वाढलं, मिठाचं भांडं काकूंच्या हाती दिलं आणि मीही त्यांच्यापुढे पान धरलं. भाऊ, काल तुझ्या घरात आम्ही तिघींनी मीठ मागून घेतलं.